लाकडावर जाळून नक्षी: तारेच्या निबचं मशीन, दहा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी हे मशीन घेतलं. त्याआधी दोन वर्षं ६० वॉटचं साधं पेन वापरत होते, सोल्डरिंगच्या आयर्नसारखं, पुढे पितळी टोकं बसवायचं. टोकं वीसच्या वर मिळाली होती, वापरात आली तीनच. खरी अडचण उष्णतेची होती. जाड पितळ तापायला पाच-सात मिनिटं लागत आणि लांब रेघ ओढली की लाकूड त्यातली ऊब शोषून घेई. सुरुवात काळीकुट्ट, शेवट फिकट.

या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर वेगळा आहे. कमी व्होल्टेजचा प्रवाह नायक्रोमच्या (निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) बारीक तारेतून जातो आणि फक्त तारेचं टोक, म्हणजे निब, तापतं. डायल फिरवला की काही सेकंदांत फरक पडतो. त्यामुळे छटा जमू लागल्या. येवल्याच्या पैठणीच्या काठावरची मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, एका तबकावर काढली: पोटाकडे चहासारखा हलका तपकिरी रंग, चोचीकडे गडद होत गेलेला. जुन्या पेनने हे मला कधीच साधलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मशीनचे पैसे वसूल झाले, असं मी मनापासून म्हणते.

पण निम्मं काम लाकडाचं आहे. पंचवटीतल्या सुतारकाकांकडे सागाची फळी मागितली, तर म्हणाले, "ताई, साग नका घेऊ, रेघ नाचेल. शिवणची फळी न्या." हट्टाने दोन्ही आणल्या. काकांचं खरं निघालं. साग तेलकट, त्यात एक पट्टा मऊ तर शेजारचा कठीण. मऊ पट्ट्यात निब रुतते, कठीण पट्ट्यावर अडखळून उडते. चीडच्या (पाइनच्या) पेटीच्या फळ्यांतही तेच, शिवाय राळ उकळून निबला चिकटते. शिवण फिकट आणि एकसारखं, त्यावर रेघ हवी तशी उमटते. हळदूही चांगलं, फक्त मुळातच पिवळसर असल्यामुळे फिकट छटा नीट दिसत नाहीत. फळी आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासते. एमडीएफ, प्लाय किंवा पॉलिश केलेलं लाकूड कृपा करून जाळू नका. त्यातला गोंद आणि रसायनं धुरातून थेट छातीत जातात.

नाशिकच्या पावसाळ्यात आणखी एक कळलं. जुलैत आणलेली फळी लगेच घेतली तर डायल वाढवूनही रेघ फिकटच. उष्णता आधी ओल उडवण्यात खर्च होते. आता फळ्या पंधरा दिवस घरात उभ्या करून ठेवते. एप्रिलमध्ये त्रास उलटा: छताचा पंखा लावला की निब गार पडते, बंद केला की धूर थेट डोळ्यांत. शेवटी कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा फळीपलीकडे, तोंड खिडकीकडे करून ठेवला. तो धूर ओढून बाहेर टाकतो, वारा निबवर येत नाही. मास्क तरीही लावतेच.

तक्रारी दोन. अर्ध्या तासात पेनची मूठ इतकी तापते की बोटं हटवावी लागतात. मी त्यावर कॉर्कची पट्टी गुंडाळली. दुसरी जास्त त्रासदायक: निब धरणारे स्क्रू तापून-गार होऊन सैल पडतात, मग मधूनच ताप कमी होतो. आधी वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला. आता बसण्याआधी स्क्रू आवळते आणि निबवरची काजळी पितळी ब्रशने हलकेच काढते.

टिकण्याबद्दल: पश्चिमेच्या दारावर लावलेली नावाची पाटी उन्हाने फिकट पडली आणि लाकूड काळवंडलं. घरातलं तबक, जवसाच्या तेलाचे दोन हात दिलेलं, पहिल्या दिवसासारखं आहे. म्हणून बाहेर लावायच्या पाट्या मी आता घेत नाही. सध्या भाचीच्या लग्नाचा चौरंग हातात आहे, चारही बाजूंना मुनिया. तीन बाजू झाल्या.