पितळी न्यायदेवता : तराजू हलतो का, ते आधी बघा

माझ्या ज्युनिअरनं स्वतःचं ऑफिस थाटलं, तिला भेट द्यायला ही मूर्ती घेतली. रविवार पेठेतलं भांड्यांचं दुकान, उंची १४ इंच, किंमत ४,२०० रुपये.

दुकानात दोन नमुने होते. एक डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हातात तलवार घेतलेली. दुसरी साडी नेसलेली, उघड्या डोळ्यांची, तलवारीच्या जागी संविधान. सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांच्या ग्रंथालयात २०२४ साली दिसली, तशी. मी हीच घेतली. पट्टी गेली, तलवार गेली, पण तराजू राहिला, आणि माझा जीव त्या तराजूत.

आमचं किराणा दुकान होतं. बाबा रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत रिकामी तागडी उचलून धरायचे. काटा मधोमध उभा राहिला नाही, तर हलक्या पारड्याला पासंग लावायचे आणि मगच बोहनी करायचे. दोन्ही बाजू ऐकायच्या आधी पारडी रिकामी आणि सारखी हवीत, हे मला कायद्याच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी तिथं कळलं. पुरावा पडला की मात्र पारडं खाली गेलंच पाहिजे. दिवाणी दाव्याचा निकाल तर शक्यतेचं पारडं कुठं झुकतं, त्यावरच लागतो.

घरी खोकं उघडलं, दांडीला बोट लावलं, तर ती हलेना! डाख देऊन पक्की केलेली. पारडी नुसती शोभेला लोंबत होती. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. मालक म्हणाले, "मॅडम, शोपीस आहे, हलवायचंय कशाला?" मी बाबांची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच आतून कारागीर काकांना बोलावलं. काकांनी डाख काढला, भोक कानशीनं साफ केलं, बारीक खिळी घातली. दांडी सुटली आणि डावीकडे कलली. त्यांनी उजवं पारडं उलटं करून तळाला डाखाचा एक थेंब दिला. "पासंग," एवढंच म्हणाले. दांडी आडवी झाली. एका पारड्यात रुपया टाकून बघितला, ते सरळ खाली गेलं. अर्धा तास लागला, जादा पैसे घेतले नाहीत. पारड्याखाली राखाडी ठिपका दिसतो. मला तो फार आवडतो.

बाकी, चेहऱ्याचं काम ओबडधोबड आहे. तळाला फेल्ट नाही, त्यामुळे टेबलावर ओरखडा पडला. साडीच्या निऱ्या मात्र सुरेख.

मूर्ती देताना पोरीला सांगितलं, दिल्लीत सुप्रीम कोर्टाची इमारतसुद्धा तराजूच्या आकारावर आखलीय, मधे दांडी, दोन टोकांना पारडी; आणि ती आखणारे आपले गणेश भिकाजी देवळालीकर. १९५८ पासून कोर्ट तिथं भरतं. कधीतरी तिथं उभी राहशील तेव्हा आठव, म्हटलं.

पाचपैकी चार तारे देते, त्यातला एक पूर्ण काकांचा. घेणार असाल तर दुकानातच दांडी हलवून बघा. घासताना साखळ्यांना पूड लावू नका, चिंचेचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. खिळीत पूड बसली की दांडी पुन्हा अडते.