मिनेसोटाच्या थंडीत परसातली द्राक्षं: चार वेलींचा अनुभव

थॉमसनचा नाद इथे सोडाच, हे आधी सांगून टाकते. निफाडकडच्या माणसाला द्राक्ष म्हटलं की थॉमसन नाहीतर सोनाकाच आठवते, पण मिनियापोलिसला पारा उणे ३० सेल्सिअसपर्यंत गेला की ती खोडासकट जाते. इथे टिकतात त्या जातींत बहुधा रानटी रिपारिया वेलीचं रक्त असतं. कुंपणाला चार लावल्या होत्या. सगळ्यांना फळ धरून झालंय, म्हणून आता लिहिते.

सोमरसेट सीडलेस माझी सगळ्यात आवडती. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या एल्मर स्वेन्सन यांनी तयार केलेली. मणी गुलाबी, बारके, किंचित स्ट्रॉबेरीच्या चवीचे. बारके म्हणून नाक मुरडू नका, नाशिकला घड जीएत (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संप्रेरक) बुडवून मणी फुगवतात. परसात एवढं कोण करतंय?

ब्लूबेल मिनेसोटा विद्यापीठाची, १९४४ ची. निळी-काळी, बियांची, चिमटीत धरली की साल सुटते आणि गर सरळ तोंडात. सासूबाईंनी एक खाल्लं आणि विचारलं, "अगं, सालीचं काय करायचं?" ज्यूस आणि जेलीला मात्र हिला तोड नाही.

एडलवाइज हिरवी, ऑगस्टमध्येच तयार. अजून गोड होईल म्हणून वेलीवर राखली की उग्र वास धरते, तेव्हा वेळेत उतरवा. थंडीला जरा नाजूक. वेल खाली घेऊन झाकण्याची तयारी असेल तरच लावा.

कॉन्कॉर्ड काढून टाकली. वेल जगली, पण घड पिकायच्या आत हिम पडायचं. नर्सरीच्या टॅगवर किती थंडी सोसते ते असतं, पिकते कधी ते नसतं. दुकानात आधी तेच विचारा.

छाटणी नाशिकसारखी दोनदा नाही. एप्रिलची खरड, ऑक्टोबरची गोडी विसरा. इथे मार्चअखेर एकदाच. त्याआधी काडीवरचे काही डोळे (जिथून कोंब फुटतो त्या कळ्या) ब्लेडने आडवे कापून बघते. मधला ठिपका हिरवा असेल तर मुख्य कोंब जिवंत, तपकिरी असेल तर गेला. त्याच्या बाजूचे राखीव कोंब फुटतात, पण त्यांना घड कमीच लागतात. निम्मे डोळे मेलेले दिसले की काडीवर दुप्पट राखायचे, एवढं साधं गणित.

भुरीचा (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीचा) त्रास फारसा झाला नाही. जपानी भुंगेरे मात्र जुलैत पानांची चाळण करतात. सकाळी सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात पाडते. पक्ष्यांसाठी जाळी हवीच. आणि शेजारी लॉनवर २,४-डी हे तणनाशक मारत असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्या, वाऱ्याने उडालेल्या फवाऱ्यानेसुद्धा द्राक्षाची पानं पंख्यासारखी आकसतात.