सुटकेस-स्पीकर उघडून पाहिला: शहापूरच्या कारखान्याचं काम

जुन्या सुटकेस, लाकडी रेडिओचे खोके आणि पत्र्याच्या ट्रंका यांतून बॅटरीवर चालणारे ब्लूटूथ स्पीकर करून देणारा दोन माणसांचा एक छोटा कारखाना बेळगावात शहापूर भागात आहे. सामान आठवडी बाजारातून आणि भंगारवाल्यांकडून येतं, बरंचसं निपाणी-खानापूरकडच्या घरांतूनही. त्यांचा सुटकेस-स्पीकर आम्ही स्क्रू काढून आतून पाहिला, तासन्‌तास वाजवला, चार्जिंगला लावून तापमान तपासलं. रेडिओचा खोका आणि ट्रंक दुकानातच ऐकले.

सुटकेस बाहेरून 50×35×15 सेंमी, म्हणजे साधारण 26 लिटरची. एवढी पोकळी मोकळी सोडली तर बॅगेचं पातळ कवचच स्पीकरसारखं थरथरतं आणि पुरुषी आवाज डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. बहुतेक हौशी कामं इथेच फसतात. इथे पुढच्या बाजूला आतून 12 मिमी प्लाय बसवली आहे, दोन आडव्या पट्ट्यांनी पुढची-मागची बाजू एकमेकींना बांधली आहे आणि उरलेल्या कवचाला गाडीच्या दारात लावतात तसली डांबरी शीट चिकटवली आहे. मधोमध सर्किट-बॅटरीचा कप्पा, दोन्ही बाजूंना 9-9 लिटरच्या स्वतंत्र पेट्या, त्यांत उशीचा कापूस सैलसर भरलेला. चार इंची स्पीकरला एवढी जागा भरपूर होते.

पेटी हवाबंद आहे का, हे कुठलाही स्पीकर घेताना दुकानातच तपासा. बंद असताना स्पीकरच्या शंकूवर (पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) चारी बाजूंनी बोटांची टोकं ठेवून हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. झटकन आला तर कुठेतरी हवा गळते आणि तेवढा खालचा सूर हातचा गेला. आमच्या सुटकेसची डावी बाजू पास झाली, उजवी नाही. मूठ बसवलेल्या स्क्रूच्या भोकातून हवा जात होती. कारखान्याच्या मिस्त्रींनी तिथेच सिलिकॉन भरून दिलं, पण ही तपासणी माल बाहेर पडण्याआधी त्यांनीच करायला हवी.

आवाजासाठी आम्ही भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा धुमकार छोट्या स्पीकरांत नुसती टपली होऊन येतो. इथे त्याला अंग आहे. अगदी खोल दणका नाही, चार इंची शंकूकडून तो मागूही नये, पण धूम आणि टाळ एकमेकांवर चढत नाहीत. हार्मोनियमच्या मधल्या पट्टीत मात्र एका सुराला किर्र असा आवाज यायचा. मोबाइलवरून 40 ते 300 हर्ट्झपर्यंत चढता सूर लावल्यावर दोषी सापडली ती बॅगेची पितळी कडी. तिच्याखाली फेल्टचा तुकडा घातला, आवाज गेला.

अँप्लिफायरचा बोर्ड टीपीए3116 चिपचा आहे. या बोर्डांवर ‘50+50 वॉट’ छापलेलं असतं, ते साधारण 21 व्होल्टला. इथल्या जेमतेम 12 व्होल्टच्या बॅटरीवर, 4 ओमच्या स्पीकरला, दर बाजूला 15 वॉटच्या आसपासच स्वच्छ आवाज मिळतो. घरात तीन-चार वॉट पुष्कळ होतात, अंगणातल्या वाढदिवसालाही हा पुरतो. दुकानदार शंभर वॉट म्हणत नाहीत, पंधरा-पंधराच सांगतात. हे आम्हाला फार आवडलं.

आता बॅटरी, आणि खरी तक्रार इथेच आहे. 18650 जातीचे (18 मिमी जाड, 65 मिमी लांब, लिथियमचे) सहा सेल, दोन-दोन जोडून तीन टप्पे, भरल्यावर 12.6 व्होल्ट, एकूण सुमारे 58 वॉट-तास. मध्यम आवाजात दहा तास सहज चालतं, पूर्ण आवाजात तीन. पण दुकानात दोन पर्याय मिळतात: लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल, किंवा 900 रुपये जास्त देऊन नवे. जुने घेऊ नका. एका टप्प्यातला सेल थकलेला असला की तो आधी रिकामा होतो, संरक्षक सर्किट लगेच वीज तोडतं, आणि बाकीच्या चार सेलांत चार्ज असूनही गाणं बंद पडतं. बाहेरच्या वस्तूला जुनेपण शोभतं, बॅटरीला नाही. सेलवर 2600 ते 3500 एमएएच (सेलची क्षमता) असं लिहिलेलं असावं. 9900 छापलेला सेल सरळ खोटा समजा. वजन 45 ग्रॅमच्या आसपास हवं. जोडणी निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्ड केलेली आहे, थेट सोल्डर नाही, हे चांगलं. सोल्डरच्या उष्णतेने सेल आतून बिघडतो.

दुसरी चूक चार्जिंगच्या भोकाची. ते वायफाय राउटरच्या अडॅप्टरच्या पिनेएवढंच आहे, आणि वर काही लिहिलेलं नाही. घरात कोणीतरी 12 व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर लावणारच. त्याने बॅटरी कधी पूर्ण भरत नाही, रिकामी असेल तर अडॅप्टर तापतो. 19 व्होल्टचा लॅपटॉप चार्जर लावला तर धोकाच. सोबत दिलेला 12.6 व्होल्ट, 2 अँपियरचा चार्जरच वापरा. पूर्ण भरायला तीन तासांच्या आसपास लागतात. भोकाशेजारी ‘12.6’ असा रंगाने आकडा काढून मागा, दोन मिनिटांचं काम आहे.

ट्रंक दिसायला सगळ्यांत देखणी, रंगाचे जुने पोपडे तसेच ठेवलेले. पण पत्र्याच्या पेटीतून ब्लूटूथ नीट आरपार जात नाही. सुटकेस दहा मीटरवरून नीट वाजते, ट्रंक शेजारच्या खोलीतून तुटत होती. अँटेना बाहेर काढून मागच्या लाकडी पट्टीखाली ठेवली की प्रश्न सुटतो, आणि विचारलं तर ते तसं करून देतात. शांत गाण्यात एक बारीक चिर्र आवाजही ऐकू येतो. ब्लूटूथ बोर्ड आणि अँप्लिफायर एकाच तारेने बॅटरीच्या ऋण टोकाला (ग्राउंडला) जोडले की असं होतं. सुटकेसमध्ये ब्लूटूथला वेगळा आयसोलेटेड कन्व्हर्टर आहे, म्हणजे त्याची वीज अँप्लिफायरपासून अलग ठेवणारा, म्हणून तिथे शांतता आहे. ट्रंकमध्येही तो मागून घ्या.

रेडिओच्या खोक्यांबाबत त्यांचा नियम आम्हाला पटला. कोणी चालू व्हॉल्व्ह रेडिओ (जुना, आत काचेच्या नळ्या असलेला) आणून आत ब्लूटूथ बसवा म्हणालं, तर मिस्त्री नकार देतात: “चालू हाय की वो ह्यो, ह्याचं पोट कशाला फाडायचं?” फक्त मेलेले, आतलं सामान आधीच गेलेले खोके घेतात. लाकडाला पॉलिश लाखेचंच, वर चकचकीत पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर नाही. डायलच्या काचेवरची स्टेशनांची नावं आतल्या बाजूने छापलेली असतात, ओल्या फडक्याने पुसली की अक्षरं फडक्यावर येतात. इथे नुसत्या कोरड्या ब्रशने धूळ काढलेली होती. मागचा भोकांचा पुठ्ठा दिसायला ठेवला आहे, पण स्पीकर आतल्या वेगळ्या बंद प्लाय-पेटीत. नाहीतर मागून निघालेली लाट पुढच्या लाटेला खाते आणि खालचा सूर गायब होतो.

सुटकेस नव्या सेलांसह 8,500 रुपये, रेडिओ 11,000, ट्रंक दोन्हींच्या मधे. मागचं झाकण उघडलं की आत एक कागद चिकटवलेला आहे: वायरिंगचा नकाशा, सेल कधी बसवले ती तारीख, फ्यूज किती अँपियरचा, हाताने, मराठीत आणि कन्नडमध्ये. पुढे कुठलाही इलेक्ट्रिशियन तो वाचून दुरुस्ती करील. बॅटरी 100 वॉट-तासांच्या आत असल्यामुळे सांबऱ्याच्या (बेळगाव) विमानतळावरून विमानातही केबिनमध्ये नेता येते, फक्त पूर्ण बंद करून.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, बॅगेच्या अस्तराला बुरशी धरते. बॅटरीच्या कप्प्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा तरी तासभर वाजवा. गणपतीसाठी हवा असेल तर दीड महिना आधी सांगा. नवे सेल आणि 12.6 चा आकडा, दोन्ही तेव्हाच ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.