रेडिमेड लोखंडी खुराडं : आमच्या चिकोडी-रायबाग भागातला एक उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

बेळगाव जिल्ह्यात चिकोडीहून रायबागकडं जाताना रोडला लागून फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, त्यातल्याच एका दुकानातनं हे खुराडं घेतलंय. 6 बाय 4 फूट, मधोमध उंची 5 फूट, अँगलची फ्रेम, तीन बाजूंनी जाळी, मागं पत्रा, वर उतरतं पत्र्याचं छप्पर, खाली ओढून काढायचा ट्रे, आत बसायला दोन पाइप, अंड्यांसाठी तीन कप्पे आणि वर 20 लिटरची टाकी लावून निपलची लाइन, म्हणजे चोच मारली की थेंब-थेंब पाणी देणाऱ्या तोट्यांचा पाइप. घरपोच साडेअकरा हजार. दिवाळीनंतर आणलं, अख्खा उन्हाळा गेला, आता पाऊस लागलाय म्हणून आता लिहिते, कारण थंडीत कुठलंपण खुराडं चांगलंच वाटतंय, खरं काय ते मार्च ते मेमध्ये कळतंय.

आधी चांगलं सांगते. जाळी एक नंबर. अर्धा इंचाची वेल्डमेश आहे, ती षटकोनी पातळ कोंबडीजाळी नव्हे, जी कुत्रं दातानं ओढून फाडतंय आणि मुंगूस एका कोपऱ्यातनं वाकवून आत शिरतंय. आमच्याकडं शेतात घर, मागं ऊस, त्यामुळं मुंगसाचा त्रास कायमचा, पण हे आल्यापासनं एकपण कोंबडी गेली नाही. वेल्डिंग पक्कं, कडी दोन ठिकाणी, ट्रे सहज निघतोय, पोरंसुद्धा साफ करतात. ह्या गोष्टीसाठी दुकानवाल्या मामांचं मनापासनं कौतुक, कामात लबाडी नाही.

आता छप्पर. हे मात्र आपल्या भागासाठी बनवलेलंच नाही. साधा पत्रा, खाली काही नाही, आणि छप्पर कडेला जेमतेम चार बोटं बाहेर. एप्रिलमध्ये आमच्याकडं पारा 38-40 ला टेकतोय, दुपारी बारानंतर तो पत्रा तव्यासारखा तापतोय आणि सगळी धग खाली कोंबड्यांच्या पाठीवर. कोंबडीला घाम येत नाही हे लक्षात घ्या, तिच्या अंगाचंच टेंपरेचर 41 च्या आसपास असतंय, म्हणजे बाहेरची हवा 38-39 झाली की अंगातली उष्णता हवेत जायला जागाच राहत नाही, मग तिच्याकडं एकच उपाय उरतोय, चोच उघडून धापा टाकायच्या. पंख अंगापासनं लांब धरून, चोच उघडी ठेवून कोंबडी उभी दिसली की समजायचं तिला सोसत नाही. आणि नुसतं सोसत नाही एवढ्यावर थांबत नाही, धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातोय, त्यामुळं अंड्याच्या कवचाला जे कार्बोनेट लागतंय ते रक्तात कमी पडतंय, त्यात उन्हानं खाणं कमी, म्हणजे कॅल्शियमपण कमी, म्हणून मेमध्ये हात लावला की फुटणारी पातळ कवचाची अंडी येतात. बरेच जण तेव्हा टॉनिकच्या बाटल्या आणतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, चांगलंच आहे, पण आधी डोक्यावरचा पत्रा बघा.

आम्ही काय केलं तर पत्र्याला वरनं चुना मारला आणि त्याच्यावर उसाचा पाला वीतभर जाड पसरून सुतळीनं बांधला. पाला आपल्याकडं फुकट आहे, लोकं शेतात पेटवून देतात. ह्यानं जो फरक पडला तो कुठल्या पंख्यानं पडला नसता, खालनं पत्र्याला हात लावला तर लावून ठेवता येतोय. फक्त चुलीपासनं लांब ठेवा आणि मृगाच्या आधी पाला काढून टाका, नाहीतर ओला होऊन कुजतोय आणि उंदीर घर करतात, उंदरामागं साप आलाच.

ठेवायची दिशापण मामांनी सांगितली नव्हती, ती मी सांगते : लांबट बाजू पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन अरुंद बाजूवर पडतंय आणि लांब जाळीतनं वारा आरपार जातोय. ह्या मॉडेलला मागं जो पत्रा लावलाय तो वाऱ्याची वाटच अडवतोय, ऑर्डर देतानाच तिथं पण जाळी मागा, पावसात ताडपत्री सोडता येते की.

जाळीवर ओलं गोणपाट सोडायचा उपाय सगळे सांगतात. आमच्याकडं एकदम भारी चालतोय कारण एप्रिलची हवा कोरडी, पाणी उडून जाताना गारवा देऊन जातंय. पण माझी नणंद आमच्याच जिल्ह्यात खानापूरला असते, तिनं पण हेच खुराडं घेतलंय, ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडं मेमध्ये वळीव पडला की हवाच दमट असते, गोणपाट वाळतच नाही, आत नुसती वाफ कोंडून राहते." बरोबर आहे तिचं. दमट हवेत पाणी मारण्यापेक्षा वारा खेळता ठेवणं आणि झाडाची सावली हेच खरं. आणि कुठंही असा, पाणी ठिबकून खाली अंथरलेला तूस ओला होऊ देऊ नका, ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते, लहान पिल्लं पटापट जातात.

निपलची लाइन हिवाळ्यात झकास, पाणी सांडत नाही, घाण होत नाही. उन्हाळ्यात मला पटली नाही. टाकी वर उन्हात, पाइप काळा, दुपारी त्यातनं चहाला ठेवावं एवढं गरम पाणी येतंय आणि गरम पाणी कोंबडी पितच नाही, नेमकं जेव्हा तिला नेहमीच्या दुप्पट पाणी लागतंय तेव्हा. आम्ही दुपारपुरती मातीची परळं ठेवली सावलीत. उघड्या पाण्याचा अजून एक फायदा, पिताना तुरा आणि गळ्याखालची लाल लोंबती कातडी पाण्यात बुडतेय, आणि कोंबडी बरीच उष्णता तिथनंपण बाहेर टाकते. टाकी लावायचीच असेल तर पाल्याच्या सावलीखाली घ्या.

बसायचे लोखंडी पाइप मी काढूनच टाकले आणि दोन इंच जाडीचे बाभळीचे दांडके बसवले. पाइप तापतोय आणि पायाची पकडपण बसत नाही.

मामा म्हणतात 25 कोंबड्या बसतात. बसतील हो, पण 24 चौरस फूट जागा आहे, अंडी देणाऱ्या एका कोंबडीला दोन चौरस फूट तरी पाहिजेत, म्हणजे 12, आणि मेमध्ये मी तर 10 च म्हणेन, कारण प्रत्येक कोंबडी स्वतःच एक शेगडी आहे, जितक्या जास्त तितकी आत गरमी. गिरिराज ठेवणार असाल तर अजून कमी. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ही जात वजनाला जबरदस्त आहे, पण वजनदार पक्ष्याला ऊन आधी लागतंय. स्वर्णधारा गिरिराजपेक्षा हलकी आणि अंडीपण जास्त. आपली जवारी म्हणजे गावठी कोंबडी, उंच पायाची, अंगानं सडपातळ, ती सगळ्यात निवांत राहिली, आणि त्यातल्या त्यात ती उघड्या मानेची असते ना, मानेवर पिसं नसलेली, लोकं बघून नाकं मुरडतात, पण उन्हाळ्यात तीच खरी टिकते, पिसं कमी म्हणून उष्णता लवकर जाते.

आणि एक, खुराड्याचा भाग नाही पण सांगायलाच पाहिजे : दुपारी दाणा टाकू नका. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होतेय आणि ती काही तासांनी ऐन भरात येते, म्हणजे अकराला मका टाकला की नेमकी तीन वाजताच्या उन्हात भर. पहाटे आणि दिवस मावळताना द्या. एखादी मान टाकून पडलीच तर सावलीत घेऊन पाय साध्या पाण्यात बुडवा, बर्फ नको, आणि बाकीच्यांच्या मागं पळून त्यांना घाबरवू नका.

माझ्याकडनं 5 पैकी साडेतीन. दीड मार्क छप्पर आणि निपलचे कापले, बांधणीला पूर्ण मार्क. सर्व्हिस चांगली आहे, एक कडी ढिली झाली तर फोनवर कळवल्यावर माणूस मशीन घेऊन घरी आला, पैसे घेतले नाहीत. कन्नड-मराठी दोन्ही बोलतात, काय पाहिजे ते नीट समजावून सांगता येतंय. ऑर्डर देताना छप्पर चारी बाजूंनी दीड-दोन फूट बाहेर काढून मागा, थोडे पैसे जास्त घेतील, करून देतात, नणंदेला दिलंय. फक्त गळीत हंगामाच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा त्यांच्याकडं उसाच्या ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची रांग असते आणि तारीख पुढं जातच राहते.