स्काय-वॉचर हेरिटेज १३०पी: बातमीतलं आकाश नागपूरच्या गच्चीवरून किती दिसतं?

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची रंगीत छायाचित्रं पाहून पहिली दुर्बीण घ्यायला निघालेल्यांची निराशा ठरलेली असते. वेबचा आरसा ६.५ मीटरचा, तो टिपतो अवरक्त प्रकाश, आणि छायाचित्रातले रंग नंतर दिलेले. हेरिटेजचा आरसा १३० मिलिमीटरचा. मृगातला तेजोमेघ हिच्यात राखाडी धुकं म्हणूनच दिसणार, कारण एवढ्या अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. पण त्या धुक्याच्या पोटातले चार तरुण तारे सुटे सुटे दिसतात, आणि ते दृश्य फार सुंदर आहे. एवढं मान्य असेल तर खगोलाच्या बातम्या आवडीने वाचणाऱ्या घरात ही दुर्बीण जरूर असावी.

नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ६५० मिमी. सोबतच्या २५ आणि १० मिमी नेत्रिकांनी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांनी, २६ आणि ६५ पट मोठं दिसतं. शनीची कडी ६५ पटीत ओळखू येतात, पण मनासारखी पाहायला १३० पट हवं. त्यासाठी ५ मिमीची नेत्रिका वेगळी घ्या. २६० पटीच्या पुढे नुसता धुरकट गोळा मोठा होतो. मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ नवे चंद्र जाहीर झाले आणि एकूण संख्या २७४ वर गेली. त्यातला टायटन हिच्यातून सहज दिसतो, आकाश स्वच्छ असेल तर ऱ्हिआही. नवे चंद्र जेमतेम काही किलोमीटरचे. ते शोधायला हवाईतली ३.६ मीटरची दुर्बीण लागली.

नागपूरकरांना खरा फायदा दक्षिणेच्या आकाशाचा. आपण २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मेच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास क्षितिजापासून साधारण २१ अंश वर येतो. बहुतेक युरोपातून तो दिसतच नाही. हबल अवकाश दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांत त्याच्या केंद्राजवळ सात अतिवेगवान तारे सापडले आणि तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असावं, असं जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. कृष्णविवर अर्थातच दिसणार नाही, पण तो गुच्छ २६ पटीत जरूर पाहा. त्यासाठी रामटेकला जाऊ नका, तिथून शहराचा उजेड दक्षिणेकडेच येतो. उमरेडच्या बाजूला जा. बाकी सगळ्यासाठी पेंच उत्तम. जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (जिथे रात्रीचा अंधार जपला जातो) म्हणून त्याला मान्यता मिळाली.

आता उणिवा. फोकसर, म्हणजे नेत्रिका पुढेमागे करणारा भाग, आट्यांचा आहे आणि तो हलतो. फोकस साधला की प्रतिमा बाजूला सरकते. आट्यांवर नळकामाची टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळली की तो घट्ट बसतो. नळी पुढे सरकवून उघडायची असल्याने मधला भाग मोकळा राहतो आणि शेजारच्या गच्चीवरचा एलईडी थेट आत शिरतो. काळ्या फोम शीटची गुंडाळी करून तो भाग झाका. बैठक बुटकी आहे, तिला जड, न डगमगणारं स्टूल लागतं. प्लास्टिकचं चालत नाही, नुसता हात लागला तरी तारा थरथरतो.

नळी उघडली की आरशांची जुळणी तपासायची. ध्रुवतारा त्यासाठी सोयीचा, तो जागचा हलत नाही. ६५ पटीत तो मधोमध आणा आणि फोकस किंचित बिघडवा. ताऱ्याच्या जागी उजेडाची कडी दिसतात, ती एकात एक असायला हवीत. त्यांच्या मधला काळा ठिपका एका बाजूला असेल तर मागच्या तीन स्क्रूंपैकी एक अगदी थोडा फिरवा, तारा पुन्हा मधोमध आणा आणि पाहा. पुढच्या छोट्या आरशाला उगाच हात लावू नका.

एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि ग्रह उकळल्यासारखे दिसतात. अशा वेळी अंगणातली माती किंवा हिरवळ बरी. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. ग्रहांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते, म्हणून टोपणं लावून सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवा. थोडी धूळ बसली तर बसू द्या, कापडाने पुसलं तर आरशाचा लेप कायमचा ओरखडतो.

पुढच्या तोंडाला सौर फिल्टर नसेल तर सूर्याकडे कधीही रोखू नका. मुलं हाताळणार असतील तर दिवसा दुर्बीण कपाटात कुलपात ठेवा.