सायझमिक युनिक्स: मल्टिपल वेगळे करायला भरवशाचे, वापरायला अपुरे

समुद्रातल्या ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात खडकाच्या थरावरून एकदाच परतून हायड्रोफोनपर्यंत (पाण्यातल्या मायक्रोफोनपर्यंत) आलेली लहर म्हणजे प्रायमरी. तीच पाण्याचा पृष्ठभाग आणि समुद्रतळ यांच्यामध्ये आणखी एक-दोन फेऱ्या मारून उशिरा आली की मल्टिपल. चित्रात तो खऱ्या थरासारखाच दिसतो, फक्त भलत्याच खोलीवर. या मल्टिपलांचा बंदोबस्त करायला सायझमिक युनिक्स हे फुकट मिळणारे पॅकेज कितपत उपयोगी पडते, त्याचे हे परीक्षण. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये जॅक कोहेन आणि जॉन स्टॉकवेल यांनी ते वाढवले आणि १९९२पासून ते सर्वांसाठी खुले आहे.

पारखायला मोबिल या तेल कंपनीने खुली केलेली वायकिंग ग्राबेनची लाइन, म्हणजे एका रेषेवरच्या सर्वेक्षणाची नोंद, घ्यावी. उत्तर समुद्रातल्या या लाइनमध्ये १००१ शॉट (लहर सोडण्याच्या जागा) आहेत, प्रत्येकी १२० चॅनेल (रिसीव्हर), शॉट आणि रिसीव्हर दोन्ही २५ मीटर अंतराने. ऑफसेट, म्हणजे शॉट ते रिसीव्हर अंतर, २६२ ते ३२३७ मीटर, नोंद ६ सेकंदांची, दर ४ मिलिसेकंदांना एक सॅम्पल. फाइल साधारण ७५० एमबीची होते, साध्या लॅपटॉपला झेपते. मल्टिपल इतके ठळक आहेत की काही चुकले तर लगेच दिसते.

इन्स्टॉल करणे जरा किचकट आहे. सोर्स कोड उतरवून, सीडब्ल्यूपीरूट हा फोल्डरचा पाथ देऊन मेक ही प्रोग्रॅम बांधणारी आज्ञा स्वतः चालवावी लागते. खरी अडचण बाइटच्या क्रमाची. एक्सडीआर, म्हणजे सर्व मशीनांवर एकच बाइटक्रम ठेवायची सोय, चालू ठेवून बनवलेली फाइल एक्सडीआर बंद असलेल्या मशीनवर उघडली, तर ट्रेसऐवजी (रिसीव्हरच्या नोंदीऐवजी) नुसता कचरा दिसतो. दोन्हीकडे एकच सेटिंग ठेवावे.

पहिले हत्यार सुपेफ, म्हणजे प्रेडिक्टिव्ह डीकॉन्व्होल्यूशन: ठरावीक काळाने पुन्हा येणारा भाग ओळखून वजा करणे. त्याआधी सुएकॉर या आज्ञेने ऑटोकोरिलेशन (ट्रेसची उशीर देऊन स्वतःशीच केलेली तुलना) काढून मल्टिपलचा काळ पाहायचा असतो. इथे डिफॉल्ट फसवतात. सुएकॉर १०१ सॅम्पलच देतो, तेही दोन्ही बाजूंना मिळून, म्हणजे प्रत्यक्षात २०० मिलिसेकंदांपर्यंतच दिसते. वायकिंगमध्ये समुद्रतळाचा फेरा अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा आहे. तो दिसायला एनटीआउट (सॅम्पलांची संख्या) ५०१ तरी हवे. सुपेफमध्येही मॅक्सलॅग (किती उशिरापर्यंतचा फेरा शोधायचा) दिला नाही तर तो खिडकीच्या, म्हणजे हिशेबात घेतलेल्या वेळेच्या, विसाव्या भागाएवढा धरला जातो. ६ सेकंदांच्या ट्रेसवर तो ०.३ सेकंद होतो, म्हणून आज्ञा विनातक्रार चालते आणि समुद्रतळाचा मल्टिपल जिथल्या तिथे राहतो. मिनलॅगही (शोध कुठून सुरू करायचा) आपणच द्यावा, नाहीतर तो एका सॅम्पलवर जातो आणि मल्टिपल काढायच्या ऐवजी स्पायकिंग होते, म्हणजे लहर नुसती टोकदार होते.

सुपेफची खरी जागा उथळ पाण्यात. मुंबई हायजवळ पाणी सुमारे ७५ मीटर, म्हणजे फेरा जेमतेम १०० मिलिसेकंदांचा. अशा लहान, नियमित फेऱ्यांना तो चांगला पकडतो. खोल पाण्यात ऑफसेटबरोबर फेऱ्याचा काळ बदलतो आणि त्याचा अंदाज सुटतो.

पॅकेजचे मोल आहे ते सुरेडॉन या आज्ञेमध्ये. सीडीपी (जमिनीखालचा एकच बिंदू) आणि ऑफसेटने ट्रेस सॉर्ट करा, प्रायमरीच्या वेगाने सुएनएमओ (ऑफसेटमुळे झालेला उशीर काढणारी आज्ञा) चालवा. प्रायमरी सपाट होतात, मल्टिपल खाली वाकतात, आणि या वाकावरूनच ते वेगळे निघतात. आकडे मात्र स्वतः मांडा. २ सेकंदांवरचा, सेकंदाला १५०० मीटर वेगाचा मल्टिपल सेकंदाला २२०० मीटर वेगाने सुधारला तर ३२३७ मीटर ऑफसेटवर तो सुमारे ५५० मिलिसेकंद वाकलेला असतो. पीमॅक्सचे, म्हणजे मॉडेलमधल्या सर्वांत मोठ्या वाकाचे, डिफॉल्ट ४०० मिलिसेकंद आहे. ते तसेच ठेवले तर सर्वांत वाकलेले मल्टिपल मॉडेलच्या बाहेर पडतात. ऑफरेफचे, म्हणजे ज्या ऑफसेटवर वाक मोजायचा त्याचे, डिफॉल्ट २००० मीटर, तेही ३२३७ करावे. पीमिन, पीमॅक्स, पीमुला, पीमुलबी हे सगळे आकडे त्याच ऑफसेटवरचे असतात. पीमुला नोंदीच्या शेवटची कटरेषा (जिच्यापलीकडचा वाक मल्टिपल धरायचा) ठरवते, पीमुलबी शून्य वेळेची. रेषा फार खाली आणली की वेग थोडा चुकलेल्या प्रायमरीही कापल्या जातात.

जवळच्या ऑफसेटवर हे हत्यार बोथट आहे. वरच्याच उदाहरणात २६२ मीटरवर वाक जेमतेम ४ मिलिसेकंद, म्हणजे एक सॅम्पल. तिथे मल्टिपल उरणारच. स्टॅक करताना, म्हणजे ट्रेसांची बेरीज करताना, जवळच्या ऑफसेटचे ट्रेस म्यूट करणे (वगळणे) हा प्रामाणिक इलाज. सौराष्ट्राच्या किंवा कोकण-केरळच्या समुद्रात डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टमध्ये अडकलेल्या फेऱ्यांचीही हीच गत. बेसाल्टमध्ये वेग जास्त, त्यामुळे मल्टिपल आणि प्रायमरी यांच्या वाकात फरकच पडत नाही.

सुरेडॉनला चूज १ दिले की मल्टिपल वजा झालेला डेटा मिळतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. चूज २ सुद्धा चालवा, त्यात नुसते मल्टिपल मिळतात. तो पॅनेल सुएक्सइमेज या चित्र दाखवणाऱ्या आज्ञेमध्ये उघडा. त्यात सपाट रेषा दिसल्या तर प्रायमरी गेल्या, कटरेषा वर न्या. ही एक सोय या पॅकेजमधली सर्वांत शिकवणारी गोष्ट आहे.

आता मल्टिपल काढून न टाकता वापरण्याचे. मल्टिपल पाण्याखालच्या थरावर प्रायमरीपेक्षा जास्त ठिकाणी आणि वेगळ्या कोनांत आपटतात; जिथे जवळचे ऑफसेट नाहीत तिथलाही उथळ भाग ते दाखवू शकतात. त्यासाठी खाली जाणारे तरंगक्षेत्र स्रोत म्हणून आणि वर येणारे रिसीव्हर म्हणून लावून इमेजिंग करतात. ही दोन क्षेत्रे वेगळी करायला हायड्रोफोनबरोबर कणवेगाची, म्हणजे पाण्याच्या कणांच्या हालचालीच्या वेगाची, नोंदही लागते. वायकिंगची नोंद नुसत्या हायड्रोफोनची, म्हणून चूज २चा पॅनेल थेट मायग्रेशनमध्ये (लहरी खऱ्या जागी मांडणाऱ्या क्रियेत) घालू नये. तो चुकीच्या खोलीवरचेच चित्र देईल. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या बर्कहाउट आणि व्हर्शूर यांची, नोंदीवरूनच मल्टिपलचा अंदाज बांधून तो वजा करणारी पृष्ठभाग-मल्टिपल पद्धतही इथे तयार मिळत नाही. २५-२५ मीटरची मांडणी तिला अगदी सोयीची आहे, पण पहिल्या २६२ मीटरचे ट्रेस आधी भरून काढावे लागतात, आणि अंदाजित मल्टिपलमध्ये वेव्हलेट (सोडलेल्या लहरीचा आकार) दोनदा येत असल्याने ॲडॅप्टिव्ह, म्हणजे जुळवून घेणारी, वजाबाकीही लागते. हे सगळे स्वतः लिहायचे. तरंग समीकरणावरच्या कामासाठी मॅडागास्कर हे दुसरे मोफत पॅकेज जास्त सोयीचे. ते सायझमिक युनिक्सच्या फाइल वाचते, त्यामुळे सुरेडॉनपर्यंतचे काम इथे करून पुढचे तिकडे नेता येते.