अमेरिकेतलं टपाली मतदान: मागवा टपालाने, परत द्या हाताने

टपाली मतदानाला सेवा म्हणून गुण द्यायला बसलं, की पहिली अडचण अशी येते की ही एक सेवा नाहीच. कायदा राज्याराज्याचा वेगळा. त्यातही पाकिटं पाठवण्यापासून सह्या तपासण्यापर्यंतचं काम बहुतेक ठिकाणी काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, निवडणूक कार्यालय करतं. त्यामुळे कोलोरॅडोतला मतदार "काहीच त्रास नाही" म्हणाला आणि टेक्सासमधल्याने कपाळावर हात मारला, तर दोघंही खरंच बोलत असतात.

ऑरेगनने १९९८ मध्ये जनमत घेऊन हा मार्ग स्वीकारला आणि २००० ची अध्यक्षीय निवडणूक टपालानेच घेतली. आज ऑरेगन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया, नेवाडा अशा मोजक्या राज्यांत मतपत्रिका न मागता घरी येते. युटाही त्यांत आहे, पण तिथे २०२५ च्या कायद्यानुसार २०२९ पासून ती मागावी लागेल. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, फ्लोरिडात अर्ज करावा लागतो, कारण सांगावं लागत नाही. टेक्सासमध्ये कारणही लागतं: वय ६५ किंवा जास्त, आजारपण, मतदानाच्या काळात काउंटीबाहेर असणं, वगैरे. घर बदललं असेल तर पत्ता आधी निवडणूक कार्यालयात बदलून घ्या. पोस्टात पत्ता बदलल्याची नोंद केली म्हणजे झालं, असं समजू नका. बाकीची पत्रं नव्या घरी येतात, मतपत्रिका मात्र सहसा पुढे न पाठवता कार्यालयाकडे परत जाते.

हातात येतं ते असं: मतपत्रिका, सूचनांचा कागद, परतीचं पाकीट आणि काही राज्यांत एक आतलं, गुप्ततेचं पाकीट. काळ्या किंवा निळ्या शाईच्या पेनाने उमेदवाराच्या नावाजवळचा लंबगोल पूर्ण भरायचा. बरोबरची खूण किंवा फुली नको, कारण यंत्र वाचतं ती भरलेली जागा. खाडाखोड झाली तर त्यावर सारवासारव करत बसू नका, कार्यालयाकडून दुसरी मतपत्रिका मागवा. पाकिटावरचा बारकोड मतदारागणिक वेगळा असतो, त्यामुळे नवी निघाली की जुनी बाद होते आणि दोनदा मत पडण्याचा प्रश्न राहत नाही. इथवर सेवा चोख आहे.

गाडी अडते ती पाकिटावर. पेनसिल्व्हेनियाची रचना या बाबतीत मला सगळ्यात वाईट वाटते. मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही व तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्येच स्पष्ट केलं. तारखेवरून तर वर्षानुवर्षं खटले चालले. अनेकांनी त्या रकान्यात जन्मतारीख लिहिली. रकाना नीट छापला असता तर ही वेळ आली नसती. न्यायालयात काय ठरेल याची वाट मतदाराने पाहू नये, सही केली त्या दिवसाची तारीख घालून मोकळं व्हावं.

टेक्सासने २०२१ च्या कायद्याने ओळखक्रमांकाची अट आणली. ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळखक्रमांकाचे शेवटचे चार आकडे अर्जावरही हवेत आणि परतीच्या पाकिटावरही, आणि ते मतदार नोंदणीतल्या क्रमांकाशी जुळायला हवेत. पाकिटावरची ती जागा झाकणाच्या पट्टीखाली होती. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, परत आलेल्या टपाली मतांपैकी सुमारे १२ टक्के बाद झाली. उपाय साधा आहे: दोन्ही क्रमांक लिहा. वीस वर्षांपूर्वी नोंदणी करताना यांतला कोणता दिला होता, हे कुणाच्या लक्षात राहतं?

साक्षीदाराची अट विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाची, सही आणि पत्त्यासह. अलाबामात दोन साक्षीदार किंवा एक नोटरी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने हे कुठून आणायचं, याचं उत्तर कायद्यात सापडत नाही.

ज्या राज्यांत सही जुळवून पाहतात तिथे बाहेरच्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सह्यांशी, म्हणजे नोंदणी अर्ज, लायसन्स, मागची पाकिटं यांच्याशी ताडली जाते. लायसन्स काढताना छोट्या पडद्यावर घाईघाईत केलेली सही आणि टेबलावर बसून केलेली सही यांत फरक पडतोच. तरुण मतदारांची मतं यात जास्त अडकतात, कारण त्यांच्या सह्या अजून बसलेल्या नसतात आणि ताडायला जुने नमुनेही कमी असतात. आणखी एक घरगुती घोटाळा नेहमीचा: नवरा-बायको एकाच टेबलावर बसून मतपत्रिका भरतात आणि एकमेकांच्या पाकिटावर सही करतात. चिकटवण्याआधी पाकिटावरचं नाव वाचा.

सही जुळली नाही तर काय होतं, यावरून सेवेची खरी पत कळते. कोलोरॅडोत कार्यालय मतदाराला कळवतं. मतदार टेक्स्ट टू क्युअर या सोयीने फोनवरूनच सही आणि ओळखपत्राचा फोटो पाठवू शकतो, आणि त्यासाठी मतदानानंतर आठ दिवस मिळतात. पेनसिल्व्हेनियात दुरुस्तीची संधी द्यायची की नाही हे काउंटीवर अवलंबून राहिलं. म्हणजे रस्त्याच्या अलीकडच्याला फोन येतो आणि पलीकडच्याचं मत गुपचूप बाद होतं. २०२० मध्ये देशभरात ४३ टक्के मतदारांनी टपाली मतदान केलं आणि परत आलेल्या मतपत्रिकांपैकी ०.८ टक्के नाकारल्या गेल्या. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्याच वर्षी बायडेन यांनी अ‍ॅरिझोना जिंकलं ते १०,४५७ मतांनी.

आता परतीचा प्रवास. पोस्टखातं स्वतःच सांगतं, की मुदतीच्या किमान आठवडाभर आधी पाकीट टाका. कोलोरॅडोत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत आणि पेनसिल्व्हेनियात रात्री ८ पर्यंत पाकीट कार्यालयात पोहोचलेलं हवं. शिक्का कुठल्या तारखेचा आहे याला तिथे किंमत नाही. कॅलिफोर्नियात २०२४ ला मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असला तर पुढचे सात दिवस पाकीट स्वीकारलं जात होतं. मात्र शिक्का अनेकदा प्रक्रिया केंद्रात बसतो, पेटीत टाकल्याच्या दिवशी नाही. अशा राज्यात शेवटच्या दिवशी टपालानेच पाठवायचं असेल तर पोस्टाच्या खिडकीवर जाऊन समोर हाताने शिक्का मारून घ्या. त्याचे पैसे लागत नाहीत.

ड्रॉप बॉक्स, म्हणजे निवडणूक कार्यालयाने ठेवलेली पाकीट टाकायची पेटी, जवळ असेल तर पोस्टाच्या नादी लागूच नये. पाकीट थेट निवडणूक कर्मचाऱ्यांच्या हाती जातं, मधले दिवस वाचतात. जॉर्जियात २०२१ पासून हे बॉक्स मुदतपूर्व मतदान केंद्रांच्या आत आणि त्यांच्याच वेळेत उघडे असतात, म्हणजे सोय निम्मी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये आणि वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूवर शहरात बॉक्सना आग लावली गेली. पोर्टलंडच्या बॉक्समधली आग विझवण्याची यंत्रणा चालली आणि फक्त तीन मतपत्रिका खराब झाल्या. व्हँकूवरमध्ये ती चालली नाही आणि शेकडो गेल्या. असं क्वचितच घडतं, तरी पाकीट पोहोचल्याची खात्री करून घ्यावी.

त्यासाठी पाकिटाचा माग दाखवणारी सोय आहे. अनेक राज्यं बॅलटट्रॅक्स वापरतात. कॅलिफोर्नियात तीच 'व्हेअर्स माय बॅलट' नावाने मिळते. नाव नोंदवलं की पाठवली, मिळाली, स्वीकारली असे संदेश फोनवर येतात. या सगळ्या व्यवस्थेतला हा सगळ्यात उत्तम भाग, फुकट आणि बहुतेक वेळा अचूक. फक्त 'मिळाली' आणि 'स्वीकारली' यांतलं अंतर लक्षात ठेवा. 'मिळाली'वर आठवडाभर अडकलं असेल तर कार्यालयाला फोन करा.

मोजणीचा वेग हा या सेवेचा सगळ्यात बदनाम भाग, आणि दोष टपालाचा नाही. फ्लोरिडात पाकिटं उघडून मतपत्रिका यंत्राने आधीच वाचून ठेवता येतात, म्हणून टपाली मतांचे आकडे त्याच रात्री येतात. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवसाच्या सकाळआधी पाकिटाला हातही लावता येत नाही. २०२० मध्ये टपाली मतदार मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक, म्हणजे बायडेन यांच्या पक्षाचे होते, त्यामुळे पेनसिल्व्हेनियात मंगळवारी रात्री ट्रम्प पुढे दिसले आणि शनिवारी, ७ नोव्हेंबरला, राज्य बायडेन यांच्या नावे जाहीर झालं. मतं तीच होती, फक्त उघडण्याचा क्रम कायद्याने ठरवलेला होता. पण त्या चार दिवसांत कोट्यवधी लोकांचं मत बनून गेलं, की काहीतरी शिजलं.

घरी मतपत्रिका आली आणि शेवटी केंद्रावरच जायचं ठरलं, तर पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आणि परतीचं बाहेरचं पाकीट, दोन्ही बरोबर न्या. ते जमा करून घेतात आणि नेहमीसारखं मत देऊ देतात. रिकाम्या हाताने गेलात तर तात्पुरतं मत नोंदवलं जातं, आणि तुमचं टपाली मत आलेलं नाही हे तपासल्यावरच ते मोजलं जातं.